तांब्याची तार

पहिली थप्पड थोरल्याला बसली, आणि तीही भर रस्त्यात.

नर्सचा नवरा मोटारसायकल ढकलत घेऊन आला. गाडी नर्सचीच, रोज तिच्यावरूनच ती दवाखान्यात ड्यूटीला जायची. नवऱ्याने गाडी गॅरेजच्या दारात स्टँडला लावली, विजारीला हात पुसले आणि "मालक कोण?" असं इतक्या शांतपणे विचारलं, की थोरला "बोला साहेब" म्हणत हसतच पुढे झाला. पुढच्या क्षणी त्याच्या कानशिलात अशी वाजली, की समोरच्या सलूनवाल्याने गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा हवेतच धरला.

"माझी बायको पाय मोडून पडलीये," नवरा म्हणाला. "चालत्या गाडीत इंजिनातून तेल उडालं, मागच्या चाकावर गेलं, गाडी सरकली. दुसऱ्या मेकॅनिकने इंजिन उघडलं तर आत स्टड तुटलेला. आणि तुम्ही तो पुट्टीने चिकटवलेला! पुट्टीने! लाज वाटत नाही? माणसं बसतात रे गाडीवर!"

स्टड म्हणजे दोन्ही टोकांना आटे पाडलेली पोलादी कांडी. अशा चार कांड्या इंजिनाचं डोकं खाली आवळून धरतात. एखादी तुटली तर आत अडकलेला तुकडा काढायचा आणि नवी घालायची, हे मेकॅनिकच्या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. वरचा तुकडा पुट्टीने चिकटवून त्यावर नट बसवणं म्हणजे पडलेल्या दाताच्या जागी खडूचा तुकडा लावून हसण्यातला प्रकार. फोटोपुरता ठीक.

थोरल्याने उलट हात उचलला नाही. गाल चोळत तो "करून देतो साहेब, नवा घालून देतो" एवढंच म्हणाला. नर्सचा नवरा दारातल्या खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्याकडे बघून थुंकला आणि निघून गेला. समोर वस्तरा पुन्हा चालू झाला. थोरला मात्र जागचा हलला नाही. या घरात मार नेहमी वरून खाली यायचा. वरच्याने खाल्ला, की खालच्याने पाठ तयार ठेवायची. त्यामुळे ती थप्पड आता कुठे जाणार, हे आत बेंचपाशी उभ्या असलेल्या मधलीला नीट ठाऊक होतं. धाकट्यालाही ठाऊक होतं. तो हातातला पाना खाली न ठेवता भिंतीकडे सरकला.

तिघं भावंडं, एक गॅरेज आणि एक बाप. बापाला सगळे उस्ताद म्हणत. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दुखणं सांगणारा माणूस, पण हात असा कडक की पोरं त्याच्याकडून आधी मार चुकवायला शिकली आणि मग काम. काही तुटलं की रबरी पाइप. तुटलेलं लपवलं की वाइस. वाइस म्हणजे बेंचवर बसवलेला ओतीव लोखंडाचा जबडा. दांडा फिरवला की काहीही गच्च पकडतो. पोरांची बोटंसुद्धा. थोरल्याच्या डाव्या हाताची करंगळी तेव्हापासून चपटी होती आणि वाकत नव्हती. मधलीला मुलगी म्हणून वाइस माफ होता, पण पाइप नव्हता. आणि एक नियम होता, उस्तादचा, गॅरेज उघडल्या दिवसापासूनचा: ज्याच्या हातून तुटलं, त्यानेच काढायचं. दुसऱ्याने हात लावायचा नाही. म्हणजे तुटलेला स्टड काढायला जो बसला, तोच गुन्हेगार.

या नियमामुळे गॅरेजात काही तुटायचं थांबलं, असं उस्तादला वाटायचं. प्रत्यक्षात फक्त लपवणं वाढलं होतं. तिघंही त्यात तरबेज होती.

आता उस्तादची उजवी बाजू लुळी पडली होती. नर्सची गाडी गॅरेजमधून गेली त्याच आठवड्यात त्याला झटका आला. वाचा गेली, फक्त एक शब्द राहिला: "हरामखोर." पाणी हवं, हरामखोर. ऊन लागतंय, हरामखोर. खुर्ची आत घ्या, तेही तेच. आयुष्यभर जो शब्द सगळ्यात जास्त वापरला, तोच देवाने ठेवला, असं मधली एकदा म्हणाली होती आणि मग एकटीच हसली होती.

"इकडे ये," थोरला म्हणाला.

"मी नाही, दादा."

"इकडे ये म्हणतो ना!"

"मी फक्त गाडी धुतली होती. देवाशप्पथ. इंजिनला हातच लावला नाही."

"मी सामान आणायला गेलेलो. ही तापाने पडलेली. गॅरेजात होते कोण? तू आणि बाबा. मग कुणी केलं? बाबांनी?" थोरला हसला. ते हसणं इतकं वाईट होतं, की धाकट्याची बोबडीच वळली. बाबांचं नाव घेणं त्याला जमलं नाही. मधली बघत होती. त्याने "नाही" म्हटलं नाही, "हो" म्हटलं नाही, खुर्चीकडे एकदा बघितलं आणि नजर जमिनीत घातली.

थोरल्याने त्याची कॉलर धरली. धाकट्याने पाना चालवला. तो थोरल्याच्या बरगडीवर असा बसला की थोरला कळवळून वाकला, पण कॉलर सुटली नाही. वाकलेल्या अवस्थेतच त्याने धाकट्याचं डोकं पान्यांच्या फळीवर आपटलं. फळी कोसळली, सगळे पाने खणखणत खाली आले. धाकट्याची भुवई फुटली. रक्त डोळ्यात गेल्यावर तो आंधळ्यासारखा गुद्दे मारत सुटला. एक गुद्दा थोरल्याच्या दातांवर लागला. थोरला रक्त थुंकला आणि मग मात्र पिसाळला. त्याने धाकट्याला खाली पाडलं, छातीवर गुडघा दिला आणि मारत राहिला. तोंडावर, कानावर, मिळेल तिथे. दर ठोशाला म्हणत होता, "खोटं! बोलशील! खोटं! बोलशील!" आवाज त्याचा, पण शब्द, लय, ठोशाची जागा सगळं उस्तादचं होतं. मधली थोरल्याच्या पाठीवर जाऊन पडली, त्याचे केस धरून ओढले, तर कोपर तिच्या ओठावर बसलं आणि ती टायरांच्या ढिगावर जाऊन आदळली.

दारातल्या खुर्चीत उस्ताद रस्त्याकडे बघत बसला होता. काम करणाऱ्या हातावरून ज्याची नजर कधी ढळली नाही, तो माणूस पाठीमागे पोटची पोरं एकमेकांना मारत असताना रस्त्यावरची कुत्री बघत होता.

"चल, काढ तो स्टड," थोरला धापा टाकत म्हणाला. "तू तोडलास, तू काढ."

"मी नाही तोडला. मी नाही काढणार." धाकट्याचा ओठ फाटला होता, तरी त्याने हे स्पष्ट म्हटलं. काढायला बसणं म्हणजे कबूल करणं, आणि मेला असता तरी तो बसला नसता.

"नको काढूस. मग हाताचं तरी काय काम आहे तुला?"

थोरल्याने त्याला फरफटत बेंचपाशी नेलं, त्याचा उजवा हात वाइसच्या जबड्यात घातला आणि दांडा फिरवला. हाडं मोडतील एवढा नाही, हात निघणार नाही एवढा. धाकटा चवड्यांवर उभा राहिला.

"मधले, तू काढ," थोरला म्हणाला. त्याचा तळवा वाइसच्या दांड्यावरच होता. "नीट निघाला तर बरं. आत मोडलास, की हा दांडा पूर्ण फिरवीन. मग आयुष्यभर डाव्या हाताने जेवू दे त्याला."

"दादा, वेडा झालास का?"

"काढ!"

मधलीने काढायला घेतलं. दुसरं काय करणार होती? नर्सच्या नवऱ्याने इंजिनाचं डोकं आणि सिलिंडर वेगळं काढूनच आणलं होतं. खालच्या ॲल्युमिनियमच्या भागात चार भोकं, तीन भोकांत स्टड ताठ उभे, चौथ्यात राखाडी पुट्टी. तिने चिंधीने जागा पुसली. मधोमध टोकदार पंच ठेवला आणि हातोडीने टोला दिला. खूण जरा जरी बाजूला गेली तर ड्रिल पोलाद सोडून मऊ ॲल्युमिनियम खातं आणि भोक कायमचं वाया जातं. तिने दोन्ही कोपरं इंजिनावर टेकवली, मगच ड्रिल हातात घेतलं.

बारीक ड्रिल फिरलं. आधी पुट्टीचा राखाडी भुगा वर आला. मग त्यात काहीतरी चमकलं.

लालसर, केसासारखं बारीक वेटोळं. मग दुसरं.

तांबं.

मधलीने ड्रिल थांबवलं. तांब्याची तार आट्यांत गुंडाळून सैल स्टड घट्ट बसवायची करामत या गॅरेजात एकाच माणसाची होती. जुन्या वायरी सोलून काढलेल्या तारांचा डबा उस्तादच्या खुर्चीखाली असायचा, आजही होता. त्या डब्याला हात लावला म्हणून तिघांनीही वेगवेगळ्या वर्षी पाइप खाल्ला होता. तेव्हापासून मरेल पण कुणी त्याकडे ढुंकून बघणार नाही.

"काय झालं?" थोरल्याने विचारलं.

"काही नाही," मधली म्हणाली, आणि फुंकर मारून तांबं उडवून दिलं.

का उडवलं, हे तिला पुढे कधीच धड सांगता आलं नाही. तिचा भाऊ समोर वाइसमध्ये होता, पुरावा तिच्या नखाखाली होता आणि तिने तो फुंकून टाकला. भीतीच ती. बाबांची चूक हातात आली, की ती हातात ठेवायची नसते, एवढं तिच्या हाडांना माहीत होतं. डोक्याला विचारायची वेळच आली नाही. मग तिला स्वतःचीच शिसारी आली.

ड्रिल पोलादात शिरलं. तिने भोक जरा मोठं केलं, आजूबाजूचं ॲल्युमिनियम गॅसच्या बत्तीने तापवलं. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं आणि आतल्या तुकड्यावरची पकड सोडतं. मग उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर भोकात बसवला. याला डावीकडे फिरवायचं, तो तुकड्यात रुतत जातो आणि तुकड्याला घेऊन बाहेर येतो. पण फार कडक असल्याने काचेसारखा मोडतोही. आणि मोडला, तर त्याच्यावर कुठलंच ड्रिल चालत नाही.

तिने हँडल फिरवलं. करकर आवाज झाला. थोरल्याने दांडा थोडा दाबला. धाकटा किंचाळला.

"दादा, थांब!"

"तू फिरव."

पुन्हा करकर. हँडलला पीळ पडल्याचं तिला तळव्यात जाणवत होतं. आता तुकडा सुटेल किंवा एक्स्ट्रॅक्टर मोडेल. तिने हात सैल सोडला, बत्ती पुन्हा फिरवली, थोडं उलट, थोडं सुलट केलं. घामाचा थेंब तापलेल्या धातूवर पडून चुरचुरला. आणि कट्ट! असा आवाज आला. धाकट्याने डोळे मिटून घेतले. पण तुकडा सुटला होता. तो हळूहळू, रडतखडत, आटा आटा करत वर आला.

"निघाला," ती म्हणाली. "निघाला, दादा! सोड त्याला."

"तोडल्याचं झालं," थोरला म्हणाला. "लपवल्याचं राहिलं." आणि त्याने दांड्यावर दोन्ही हात ठेवले.

तेव्हा मधली ओरडली. आपल्याला एवढा मोठा आवाज आहे हे तिलाही माहीत नव्हतं. "हे बघ! हे आधी बघ!" तिने तापलेला तुकडा पकडीतून थोरल्याच्या नाकासमोर धरला. तुकड्याच्या डोक्यावर पुट्टीचा गोळा होता, आणि पुट्टीत रुतलेले, अर्धे कापले गेलेले तांब्याच्या तारेचे वेढे. "ही तार कुणाची? सांग ना! या घरात तार कोण वापरतं?"

थोरल्याने बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मान वळवून खुर्चीखालच्या डब्याकडे बघितलं.

"बाबा," तो म्हणाला. लहान मुलासारखा म्हणाला. "बाबा, कुणी केलं?"

उस्ताद रस्त्याकडेच बघत होता. मधलीने जाऊन खुर्ची गर्रकन आत फिरवली. आता त्याला तिघांकडे बघणं भाग होतं. त्याने धाकट्याच्या फुटलेल्या तोंडाकडे बघितलं, वाइसमधल्या हाताकडे बघितलं. मग आपला चांगला, डावा हात उचलला आणि स्वतःच्या छातीवर ठेवला.

"हरामखोर," तो म्हणाला.

हात थरथरायला लागला होता त्याचा, झटक्याच्या आधीपासूनच. मधलीला आता आठवत होतं, कप धरताना तो दुसरा हात खाली लावायचा. त्या थरथरत्या हाताने स्टड जास्त आवळला गेला असेल, तुटला असेल. आणि उस्तादने तेच केलं जे त्याने पोरांना शिकवलं होतं. भ्याला. कुणाला, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

थोरल्याने वाइसचा दांडा उलटा फिरवला. धाकट्याचा हात सुटला, पण ती दया नव्हती. वाइस रिकामा हवा होता. थोरल्याने म्हाताऱ्याला काखेत हात घालून उचललं. खुर्ची उलटली, तारांचा डबा लवंडून तांबं जमिनीवर सांडलं. त्याने बापाला बेंचवर लोटलं, त्याचा उजवा हात जबड्यात घातला आणि दांडा गरगर फिरवला.

"दादा!"

"त्याचाच नियम आहे!"

दांडा अडला. थोरल्याने पाय भिंतीला लावून जोर दिला. हाडाचा आवाज आला, ओल्या काटकीसारखा. कातडी फाटली आणि रक्त जबड्यातून खाली गळायला लागलं. उस्ताद ओरडला नाही. तो नुसता बघत होता, एखाद्या शिकाऊ माणसाचं काम बघावं तसा. त्या हातात जीवच नव्हता.

"ओरडा!" थोरला किंचाळला. "ओरडा ना! मी ओरडलो होतो! आठवतंय? आई बाहेरून दार ठोठावत होती, मी ओरडत होतो! तुम्ही का ओरडत नाही?" तो दांडा आवळत होता आणि रडत होता, नाकातून, तोंडातून, रक्तासकट. इतकी वर्षं ज्या आवाजाची वाट बघितली, तो आवाज निघणारच नव्हता.

मधलीने कोपऱ्यातला घण उचलला. घणाचा दांडा तिने थोरल्याच्या पोटात असा खुपसला की तो दुमडून खाली बसला. तिने वाइस मोकळा केला. धाकट्याने चांगल्या हाताने बापाला सावरलं, खुर्ची सरळ केली, त्यात बसवलं आणि आपला शर्ट काढून त्या चेंगरलेल्या हाताला गुंडाळला. मग मधलीने घण डोक्यावर नेला आणि वाइसवर घातला.

पहिल्या घावाला नुसता आवाज झाला. दुसऱ्याला ठिणग्या उडाल्या. ती थांबली नाही. मुसमुसत, शिव्या देत, आयुष्यात कधी तोंडातून न काढलेल्या शिव्या देत ती घाव घालत राहिली. ओतीव लोखंड वाकत नाही, तुटतं. जबडा अखेर तडकला, अर्धा निखळून जमिनीवर पडला आणि सलूनवाला धावत दारात आला. त्याने आतलं सगळं बघितलं आणि डॉक्टरला आणायला पळाला.

डॉक्टरने उस्तादचा हात आवळून बांधला, धाकट्याच्या भुवईला टाके घातले आणि कुणालाही काही विचारलं नाही. तो गेल्यावर थोरला उठला. नळाखाली तोंड धरलं. मग गाडीपाशी जाऊन खाली बसला.

भोकात आटे पाडायचा टॅप फिरवून त्याने जुने आटे साफ केले, हवा मारून तळाशी साचलेलं तेल उडवलं. तेल आत राहिलं आणि वरून स्टड आवळला, तर तेलाला जायला जागा नसते आणि अख्खं ॲल्युमिनियम फाटतं. नवा स्टड हातात घेऊन तो धाकट्याकडे वळला. धाकट्याची सुजलेली बोटं मिटत नव्हती. थोरल्याने ती बोटं बघितली आणि मान खाली घातली. मग स्टड बोटांनीच फिरवत आत बसवला, अगदी सावकाश. चपटी करंगळी बाजूला ताठ राहिली होती. तार लागली नाही. आटे चांगले होते. तेव्हाच नवा घातला असता, तर आधीही लागली नसती.

"गाडी मी नेऊन देतो," तो म्हणाला. "आमच्याकडून झालं म्हणून सांगतो. तिलाही, त्यालाही."

"मारेल परत," धाकटा म्हणाला.

"मारू दे." मग कुणाकडेही न बघता, "तुझा हात... धाकट्या..."

"राहू दे," धाकटा म्हणाला. माफ केलं असं त्यात काही नव्हतं.

मधली बेंचपाशी होती. वाइसचा उरलेला धोंडा तिला त्या बेंचवर नको होता. खालचे बोल्ट तिच्या जन्माआधीचे, गंजून एकजीव झालेले. तिने पाना लावला, पूर्ण वजन टाकलं. एक सुटला. दुसऱ्याला पुन्हा वजन टाकलं आणि कट्ट! बोल्टचं डोकं पान्यात आलं, बाकीचा लाकडात राहिला.

त्या आवाजासरशी दोघा भावांचे खांदे कानापर्यंत वर गेले. तिचेही गेले. तिघंही तशीच थिजली, पाठीवर काहीतरी पडायची वाट बघत. खुर्चीत उस्ताद डोळे मिटून बसला होता.

काहीच पडलं नाही.

"तुटला," मधली म्हणाली. मोठ्याने म्हणाली, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं. या गॅरेजात हे वाक्य आधी कुणी उच्चारलं नव्हतं. "माझ्या हातून तुटला."

थोरल्याने तिच्याकडे बघितलं. मग दुसऱ्याने हात लावायचा नाही हा नियम मोडून जमिनीवर पडलेलं ड्रिल उचललं, पुसलं आणि तिच्यापुढे धरलं.